ब्रेक कोणाच्या हातात?

सनीव्हेलची आजची ओळख सॉफ्टवेअरचे गाव अशी आहे. पण अर्धे शतक या गावाची चूल दोन मोठ्या कारखान्यांवर पेटत होती. एक म्हणजे मॅथिल्डा ॲव्हेन्यूच्या उत्तरेला मोफेट फील्डशेजारी १९५६ पासून असलेले लॉकहीड, आणि दुसरा म्हणजे कॅल्ट्रेनच्या रुळांलगत हेंडी ॲव्हेन्यूवरचा वेस्टिंगहाउसचा कारखाना. एकात क्षेपणास्त्रे आणि उपग्रह, दुसऱ्यात पाणबुड्यांसाठी अवजड यंत्रसामग्री. ही दोन्ही नावे मुळात ब्रेकशी निगडित आहेत हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने आगगाडीला हवेचा ब्रेक दिला, आणि ज्या दोन भावांमुळे लॉकहीड हे नाव जगाला कळले त्यांतल्या थोरल्याने मोटारीला तेलाचा ब्रेक दिला. 'गाडीचे ब्रेक घरी बदलावेत की गॅरेजमध्ये पैसे मोजून बदलून घ्यावेत?' हा आपल्या मंडळींच्या पॉटलक जेवणात हटकून निघणारा विषय सनीव्हेलमध्ये बसून तपासण्यात म्हणूनच एक औचित्य आहे.

आधी ब्रेक करतो काय ते पाहू. दीड हजार किलोची गाडी ताशी पासष्ट मैल वेगाने जात असेल, तर तिच्यात सहा लाख ज्यूलहून अधिक गतिज ऊर्जा असते. तेवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल, म्हणजे दहा-बारा जणांच्या चहाचे आधण! गाडी एकदा पूर्ण थांबवली की ही सगळी उष्णता चार चाकांमागच्या लोखंडात आणि त्यावर घासणाऱ्या हाताच्या तळव्याएवढ्या पट्ट्यांमध्ये उतरते. सांताक्रूझच्या किनाऱ्यावरून हायवे १७ ने परतताना लॉस गॅटोसच्या उतारावर जो करपट वास येतो, तो त्या आधणाचाच. हे काम बिनबोभाट पार पडते म्हणून आपले त्याच्याकडे लक्ष जात नाही, इतकेच.

मोटारीच्या ब्रेकची पहिली नोंदलेली दुरुस्ती एका बाईने करवून घेतली. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझची पत्नी बर्था ही नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका गावातल्या चर्मकाराला गाठून त्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगचा जन्म हा असा झाला. यात कामाची वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. दोष काय आहे आणि उपाय कोणता, हे बर्थाने ठरविले; चामडे ठोकण्याचे कसब कारागिराचे. ज्ञान मालकिणीचे आणि हात कारागिराचा. घर की गॅरेज या आपल्या वादात ही तिसरी वाट नेहमी विसरली जाते.

गंमत अशी की किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच १८८८ सालापासून धरतो, आणि तीही बेळगावातल्या एका सायकलीच्या दुकानापासून! मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकली विकण्या-दुरुस्त करण्याच्या धंद्यात उतरले. शिकलेल्या माणसाने हाताला वंगण लावून घेणे ही त्या काळच्या पांढरपेशा समाजाला रुचणारी गोष्ट नव्हती. पुढचे लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी याच वाटेने आली.

आता वेस्टिंगहाउसकडे वळू. १८६९ च्या एप्रिलमध्ये त्याला हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळाले, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याआधी आगगाडी थांबवायची म्हणजे ब्रेकवाल्यांनी धावत्या डब्यांच्या टपांवरून पळत जाऊन एकेका डब्याचे चाक हाताने आवळायचे. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा. त्यात कितीतरी माणसे जिवाला आणि हातापायांना मुकली. आपल्याकडे १८६३ मध्ये भोर घाटाची लोहमार्गाची चढण सुरू झाली. तिचा चढ काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट इतका कडक होता. तिथे इंजिनीयरांनी ब्रेकवर विसंबून न राहता चढावर जाणारे अडणमार्ग बांधले. गाडी आवरली नाही तर तिला त्या रुळांवर वळवायचे, म्हणजे डोंगरच तिला थांबवील. वेस्टिंगहाउसने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या रचनेत जी सुधारणा केली तिचे मर्म असे होते: नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, नळी फुटली, डबा तुटला, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागलाच पाहिजे. बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे आजच्या प्रत्येक इंजिनीयरला पहिल्या वर्षी शिकविले जाणारे तत्त्व अशा रीतीने घडले. १८९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आगगाड्यांना असे ब्रेक सक्तीचे केले. सनीव्हेलचा कारखाना मुळात जोशुआ हेंडी आयर्न वर्क्सचा. १९०६ च्या भूकंपानंतर तो सॅन फ्रान्सिस्कोहून इथे आला, दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी जहाजांची शेकडो इंजिने त्याने बनविली, आणि १९४७ मध्ये वेस्टिंगहाउसने तो घेतला. १९९६ पासून तिथे नॉर्थ्रॉप ग्रुमनची पाटी आहे.

लॉकहीडची कथा तर आणखी जवळची. मॅल्कम आणि ॲलन लॉकहेड हे दोघे भाऊ. आडनावाचे मूळ स्पेलिंग वेगळे होते, आणि लोक त्याचा भलताच उच्चार करीत म्हणून ते पुढे बदलले गेले. (आपल्यापैकी ज्यांची आडनावे इथल्या फोनवर दररोज मोडतात, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.) धाकट्या ॲलनचा जन्म १८८९ मध्ये नाइल्सचा, म्हणजे आजच्या फ्रीमाँटमधला. दोघांचे बालपण काही काळ सांताक्रूझच्या डोंगरातल्या आल्मा गावाजवळच्या मळ्यात गेले. हे आल्मा गाव आता पाण्याखाली आहे. हायवे १७ ला लागून जो लेक्झिंग्टन जलाशय दिसतो, त्यासाठी १९५२ मध्ये ते बुडाले. मॅल्कमच्या पाठीशी कोणतेही मोठे शिक्षण नव्हते. १९०४ मध्ये, सतराव्या वर्षी, तो सॅन फ्रान्सिस्कोत वाफेच्या मोटारींच्या कंपनीत मेकॅनिक म्हणून लागला. पुढे भावांनी विमाने बांधली, पण मॅल्कमच्या डोक्यात मोटारीचे ब्रेक घोळत होते. तोवरच्या मोटारींचे ब्रेक लोखंडी दांड्या आणि तारांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा जोर कधी मिळायचा नाही आणि गाडी एका बाजूला खेचली जायची. मॅल्कमने दांड्यांऐवजी बंद नळीतले द्रव वापरले. पास्कलच्या नियमाप्रमाणे दाब सगळीकडे सारखा, त्यामुळे सगळ्या चाकांना जोर एकाच वेळी मिळतो. १९१९ मध्ये विमाने सोडून त्याने डेट्रॉइटला ब्रेकची कंपनी काढली. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या महागड्या मोटारीला आणि १९२४ मध्ये क्रायस्लरच्या सामान्य ग्राहकाला परवडेल अशा मोटारीला हे ब्रेक बसले. क्रायस्लरच्या इंजिनीयरांनी गळणाऱ्या चामडी वाट्यांच्या जागी रबरी वाट्या बसविल्या आणि मगच हे तंत्र विश्वासार्ह झाले. हेन्री फोर्ड मात्र पेडलपासून चाकापर्यंत निखळ पोलाद असल्याची जाहिरात करीत १९३९ पर्यंत दांड्यांनाच धरून राहिला.

पण इथे एक मेख आहे. तेलाचा ब्रेक वेस्टिंगहाउसच्या तत्त्वाच्या नेमका उलटा आहे. नळी फुटली, दाब गेला, की ब्रेकच गेला! साध्या मोटारींमध्ये हा धोका चाळीस वर्षे तसाच राहिला. शेवटी १९६६ च्या संघीय कायद्याखालच्या नियमांनी १ जानेवारी १९६८ पासून ब्रेकचे तेल दोन स्वतंत्र भागांत विभागणे सक्तीचे केले, म्हणजे एक भाग निकामी झाला तरी दुसरा उरेल. घरी काय करावे आणि काय करू नये याची सीमारेषा या इतिहासातच दडलेली आहे. झिजणारा भाग, म्हणजे पॅड आणि डिस्क, हे लोखंडाचे आणि पान्याचे काम आहे. तेलाचा भाग, म्हणजे मास्टर सिलिंडर, नळ्या आणि आजची एबीएसची यंत्रणा, ही दाबाची बंद व्यवस्था आहे. तिच्यात हवेचा एक बुडबुडा शिरला तरी पेडल स्पंजासारखे दबते.

झिजणाऱ्या भागाचाही स्वतःचा इतिहास आहे. चामड्यानंतर इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने १८९७ पासून ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. त्याच्या 'फेरोडो' या नावात त्याचे स्वतःचे आडनाव उलटसुलट करून गुंफलेले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आले. ते जळत नाही म्हणून गुणाचे ठरले, आणि त्याची धूळ मेकॅनिकांच्या फुप्फुसात साचत राहिली. अमेरिकेत १९८९ मध्ये त्यावर व्यापक बंदीचा नियम झाला, १९९१ मध्ये न्यायालयाने तो बहुतांशी रद्द केला, आणि मार्च २०२४ मध्ये पर्यावरण खात्याने ब्रेकच्या सुट्या भागांसह त्यावर पुन्हा बंदीचा नियम काढला. दरम्यान ॲस्बेस्टॉसची जागा घेणाऱ्या मिश्रणांमध्ये तांबे आले. ते झिजून रस्त्यावर, रस्त्यावरून पावसाच्या गटारात आणि तिथून आपल्या दक्षिण उपसागरात जाऊ लागले. १९९६ मध्ये उत्पादक, पर्यावरणवादी आणि सरकारी संस्था यांनी एकत्र बसून याचा अभ्यास सुरू केला, आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून पॅडमधल्या तांब्यावर मर्यादा घातली. २०२१ पासून पाच टक्के, २०२५ पासून अर्धा टक्का. तेव्हा घरी काम करणाऱ्याने ब्रेकची धूळ फुंकू नये, आणि होजने धुऊन रस्त्यावरच्या गटारात तर मुळीच सोडू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

मालकानेच गाडी दुरुस्त करायची, ही अमेरिकेतली रीत आली कुठून? तिचे मूळ बहुतांशी फोर्डच्या मॉडेल टीमध्ये आहे. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्या जवळपास गॅरेज नसलेल्या शेतांवर गेल्या. शेतकरी नांगर दुरुस्त करी तशीच गाडीही करी. पुढे शहरातल्या सुशिक्षितांना या कामाची गोडी लावली ती १९६९ साली निघालेल्या एका पुस्तकाने. फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी हे अगदी अडाण्यालाही कळेल अशा भाषेत सांगणारे हे पुस्तक जॉन म्यूर या गृहस्थाने लिहिले. गंमत पाहा, हा म्यूर लॉकहीडमध्ये काम केलेला इंजिनीयर! नोकरी सोडून, केस वाढवून, न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावी तो मेकॅनिक झाला. लॉकहीड हे नाव एका मेकॅनिकच्या कुटुंबातून इंजिनीयरांच्या कारखान्यावर गेले, आणि त्याच कारखान्यातून एक इंजिनीयर पुन्हा मेकॅनिक होऊन बाहेर पडला.

आता गॅरेजची बाजू. इथे कॅलिफोर्नियाच्या इतिहासातले १९९२ साल विसरता येत नाही. राज्याच्या ऑटोमोटिव्ह रिपेअर ब्युरोकडे तक्रारी वाढल्यावर त्यांनी साध्या वेषातल्या ग्राहकांकरवी सीअर्सच्या ऑटो सेंटरांमध्ये गाड्या धाडल्या. त्या गाड्यांचे ब्रेक झिजलेले होते, बाकी सगळे ठाकठीक होते. अशा ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा गरज नसलेली कामे सांगण्यात आली, असा ब्युरोचा आरोप होता. जूनमध्ये राज्यातल्या ७२ सेंटरांचे परवाने काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. चौकशीत जे पुढे आले ते व्यक्तींच्या लबाडीपेक्षा व्यवस्थेच्या चुकीचे होते: सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्यांना १९९० पासून विकलेल्या कामावर कमिशन होते, आणि ठरावीक भागांच्या विक्रीची उद्दिष्टे होती. रोगाचे निदान करणाऱ्यालाच औषधाच्या बाटलीमागे दलाली! कंपनीने कमिशन बंद केले, आणि दोष मान्य न करता सप्टेंबरमध्ये तडजोड करून ग्राहकांना पन्नास डॉलरची कूपने दिली. यातला विरोधाभास असा की 'क्राफ्ट्समन' हे आजन्म हमीचे पाने विकणारे दुकानही सीअर्सच. एका दारातून स्वतः करण्याची हत्यारे आणि दुसऱ्या दारातून करवून घेण्याचे बिल!

या प्रकरणाचा निकाल लागू शकला, कारण १९७१ चा कॅलिफोर्नियाचा ऑटोमोटिव्ह रिपेअर कायदा आधीपासून होता. त्या कायद्याने आपल्याला काय दिले आहे ते लक्षात ठेवावे. कामाआधी लेखी अंदाजपत्रक मिळाले पाहिजे. आपल्या संमतीशिवाय त्यावर एक डॉलरही वाढवता येत नाही. आणि काम देतानाच सांगून ठेवले तर काढलेले जुने भाग बहुधा परत मागता येतात. तसेच १९७५ च्या संघीय वॉरंटी कायद्यामुळे केवळ स्वतः किंवा बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात.

आता आपल्या घरचा हिशेब. माझ्या जपानी सेडानच्या पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क मिळून दीडशे डॉलरच्या आत येतात. तेच काम बाहेर करून घ्यायचे तर या भागात चारशे-पाचशे डॉलर सहज होतात. पहिल्या वेळी जॅक, दोन स्टँड आणि टॉर्क रेंच यांचा खर्च धरला तर बचत उरत नाही. दुसऱ्या वेळेपासून उरते, पण त्यात शनिवारची सकाळ जाते. आपल्या व्यवसायातल्या माणसाने ताशी दराने गुणाकार केला तर गॅरेजच स्वस्त पडेल. केवळ पैशांसाठी हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय अनेक अपार्टमेंटांच्या करारातच पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई असते, ते आधी वाचावे.

मग करावे कशासाठी? आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार हे बलुतेदार. त्यांच्या हातात कसब, आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या हातात वही. ही वाटणी आपण विमानात बसून बरोबर आणली. मुंबई-पुण्यात फिएटचे लायनर बदलायला मिस्त्री असे, आणि वडील बाजूला उभे राहून 'नीट बसव रे' एवढेच सांगत. पुस्तकातले घर्षण शिकून परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी झिजलेला पॅड हातात घेऊन पाहिला आहे? माझ्या डॉक्टरेटच्या प्रबंधात समीकरणांना तोटा नव्हता, पण कॅलिपर कसा सरकतो हे मला कळले ते ड्राइव्हवेवर गुडघे टेकल्यावरच. आणि शेजारी टॉर्च धरून बसलेल्या माझ्या मुलीला जे दिसले, ते तिला कोणत्याही वर्गात मिळाले नसते.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. सपाट जमीन, विरुद्ध चाकाला अडण, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीही नको, स्टँडवरच हवी. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात, पण एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळावेत. काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावे. पहिल्या दाबाला ते तळाला जातेच, आणि हे गाडी रस्त्यावर काढल्यावर समजू नये! इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांमध्ये बरीचशी ऊर्जा मोटरमार्फत बॅटरीत परत जाते, त्यामुळे पॅड खूप टिकतात. पण तेलाची यंत्रणा गुंतागुंतीची असते, तिला हात लावू नये. पेडल मऊ वाटणे, तेल गळणे, एबीएसचा दिवा लागणे, यांतले काहीही दिसले तर थेट चांगले गॅरेज गाठावे. तिथला माणूस रोज हेच काम करतो, त्याच्याकडे लिफ्ट आहे, दाब मोजण्याची साधने आहेत, आणि त्याच्या कामाची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे. त्याची मजुरी मोजताना कपाळावर आठी पडू देऊ नये.

पण त्याच्याकडे जाताना रिकाम्या डोक्याने जाऊ नये. निदान एकदा तरी चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून पॅडची जाडी पाहावी. तीन मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर वेळ झाली आहे, आठ-नऊ असेल तर नाही. 'ब्रेक गेलेत' असे कोणी सांगितले तर 'किती मिलिमीटर उरलेत, मला दाखवा' असे म्हणता आले पाहिजे. १९९२ च्या त्या ३४ फेऱ्यांमध्ये खऱ्या ग्राहकाजवळ एवढा एक प्रश्न असता, तरी पुष्कळ बिले तिथेच आटोपली असती. बर्था बेंझने चामडे स्वतः ठोकले नाही, पण ते कुठे ठोकायचे हे तिला पक्के ठाऊक होते. आपल्या गाडीत मागच्या सीटवर मुले बसतात, उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-वडील बसतात, आणि आपण त्यांना घेऊन हायवे १७ चा उतार उतरतो. पाना आपल्या हातात असो की मेकॅनिकच्या, त्या चार चाकांमागे काय चालले आहे हे माहीत असण्याची जबाबदारी आपलीच आहे.